खंडेनवमीच्या दिवशी माग बंद होता

माझ्या मुलीला फिट येत होत्या आणि मी तिचा नाच म्हणून व्हिडिओ काढत होतो. हे वाक्य पहिल्यांदाच लिहून टाकतो. पुढं ढकललं तर ते मी कधीच लिहिणार नाही, माझा स्वभाव मला माहीत आहे.

मी बेळगावच्या शहापूरचा, साड्या विणणारा. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागं स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, एवढंच आमचं घर. वडील गेल्यापासून माग मी आणि आई सांभाळतो. बायको वैशाली निपाणीची. तिची आई अजून घरी बसून विड्या वळते. आमची रेणुका, म्हणजे रेणू, आता तीन वर्षांची आहे. ही हकिकत ती सात महिन्यांची होती तेव्हाची. ज्यांच्या घरात असं बाळ आहे त्यांनी वाचावी. ज्यांच्या घरात नाही त्यांनी शेजाऱ्यांसाठी वाचावी.

जादा धागा

रेणू तीन दिवसांची असताना बाळांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. डोळ्यांची ठेवण, मानेचा ढिलेपणा, तळहातावरची एकच आडवी रेघ, असं काय काय दाखवलं आणि रक्त तपासायला पाठवलं. पुढं रिपोर्ट आला. डाऊन सिंड्रोम. गुणसूत्रांच्या एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जादा.

मला ते समजायला वेळ लागला नाही. ताण्यात, म्हणजे साडीच्या उभ्या धाग्यांत, एक धागा जादा भरला गेला की तो साडीच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो, मध्येच ओढून काढता येत नाही. चूक कुणाची, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कुणाचीच नाही.

घरी मात्र चूक शोधायला माणसं जमली. बारशाच्या दिवशी मावशी वैशालीच्या तोंडावर म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं कवा झाल्यालं न्हाई बाई." मी तिथंच उभा होतो. मला बोलायला पाहिजे होतं. मी पेढ्यांचा बॉक्स उचलून दुसऱ्या खोलीत गेलो.

हृदयाची तपासणी झाली, ते ठीक निघालं. थायरॉइड ठीक निघालं. आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. मान धरायला तिला उशीर झाला, पण हसणं वेळेवर आलं. आणि काय हसायची! कुणी नुसतं "रेणुक्का" म्हणायचा अवकाश, की आख्खं अंग हसायचं. मी दर अर्ध्या तासानं माग थांबवून तिला हसवून यायचो आणि आई ओरडायची, "अरं, कापड कोण विणणार, तुझा सासरा?"

नाच

गणपतीच्या आधीची गोष्ट. सकाळी सातला मी माग सुरू करतो. रेणू पुढच्याच खोलीत आईजवळ झोपलेली असायची. मागाच्या खडखडाटानं ती जागी व्हायची आणि आई तिला मांडीवर घेऊन बसायची. एके दिवशी मी आडव्या धाग्याचा धोटा बदलत होतो, तेवढ्यात आईनं हाक मारली.

"दीपक, बघ रं! पोरगी मागावर नाचाय लागलीया!"

रेणू एकदम पुढं वाकली. दोन्ही हात बाजूला उडाले. क्षणभर तशीच राहिली आणि सैल पडली. सात-आठ सेकंदांनी पुन्हा तसंच. मग पुन्हा. माग दहा-बारा ठोके टाकायचा आणि ती एक झोका घ्यायची. जणू सम गाठायची.

"विणकराची जात हाय," आई म्हणाली. "ठेका रक्तातच असतोय."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. सात महिने लोक मला हिला काय काय येणार नाही ते सांगत होते. आणि हे न शिकवता आलं होतं. मागाच्या आवाजावर! माझ्या कामावर!

गणपतीत पाहुणे आले. दुपारी रेणू झोपली की मी म्हणायचो, "थांबा, नाचवून दावतो," आणि मागाचं बटण दाबायचो. ती दचकून उठायची आणि नाचायची. कधी नाही नाचली तर, "आज म्हाराणीचा मूड न्हाई." सगळे हसायचे. व्हिडिओ मी काढला. एकेचाळीस सेकंदांचा. त्यात ती सहा वेळा वाकते. स्टेटसला ठेवला, पाहुण्यांनी लाल बदाम पाठवले. आईनं मात्र दृष्ट लागेल म्हणून त्या दिवशी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आता कुणालाही कळेल ते आम्हाला कळलं नाही. माग तिला नाचवत नव्हता, माग तिला उठवत होता. आणि झटके यायचे ते झोपेतून उठल्यावर.

फिट म्हणजे काय, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माणूस धाडकन पडतो, तोंडाला फेस येतो, लोक कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावायला धावतात. त्याचा काही उपयोग नसतो, तो भाग वेगळा. पण बाळाची फिट अशीही असते, लाडकी दिसणारी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

त्याच दिवसांत रेणूचं हसणं कमी झालं. "रेणुक्का" म्हटलं तरी ती छताकडं बघायची. आई म्हणाली, दात येत असतील. मी तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवून बघितलं आणि मलाही काहीतरी टोकदार लागल्यासारखं वाटलं.

खंडेनवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं माग बंद असतात. माग धुवायचे, पुसायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. वर्षभर खडखडणारी गल्ली त्या एका सकाळी अशी गप्प असते की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू येते.

पूजा आटोपली होती. वैशाली मागं नैवेद्याचं बघत होती. रेणू तिची तीच जागी झाली. आईनं तिला मांडीवर घेऊन मागासमोर बसवलं. आणि ती वाकली. हात उडाले. सैल पडली. पुन्हा वाकली.

"बघ, बघ! मागाला नमस्कार करतीया लेक!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या हातात उदबत्ती होती. मी आवाज शोधत होतो. वाटलं, पलीकडच्या गल्लीत कुणाचा तरी माग चालू असणार. कुणाचाच नव्हता. ती पुन्हा वाकली तेव्हा मी तिचे डोळे पहिल्यांदा नीट बघितले. ते वर गेले होते. ती कशालाच नमस्कार करत नव्हती. ती तिथं नव्हतीच. मी मोजायला लागलो. एकोणीस झटके झाले आणि मग ती रडली. तिचं ते रडणं मला अजून ऐकू येतं. कुणीतरी मारल्यासारखं. आणि ते रडणं नवं नव्हतं. दरवेळी नाच झाला की ती रडायची आणि आम्ही म्हणायचो, दमली पोरगी.

त्याच क्षणी उठून जायला हवं होतं. पण सणाच्या दिवशी दवाखान्याची पायरी चढू नये, असं आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी दसरा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. मी आईच्या नावानं बोटं मोडत नाही. खरं तर तिनं नको म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं.

"कधीपासून?"

सोमवारी बेळगावातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डोक्याला तारा चिकटवून आलेख काढायचा होता. त्यासाठी बाळ झोपायला हवं, म्हणून आलेख काढायच्या वेळेपर्यंत तिला जागं ठेवायला सांगितलं. डोळे मिटत आलेल्या लेकराला आम्ही गाणी म्हणून, पाय चोळून जागं ठेवत होतो.

मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या. मराठीत कन्नड मिसळून बोलणाऱ्या, हसू वाया न घालवणाऱ्या. त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. मला त्यात फक्त गुंता दिसला, लडी सुटल्यावर होतो तसा.

"हे स्पाझम आहेत. लहान बाळांच्या फिटचा एक प्रकार. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांत होतो," त्या म्हणाल्या. "कधीपासून होतंय?"

माझ्या खिशात तो व्हिडिओ होता. त्याच्यावर तारीख होती.

"चार दिवस झाले मॅडम," मी म्हणालो. "खंडेनवमीपासून."

त्यांनी लिहून घेतलं. मग पहिल्यांदा आमच्याकडं जरा मायेनं बघितलं. "लवकर आलात, बरं केलंत. यात वेळ फार महत्त्वाचा. लोक महिना-दोन महिने घालवतात आणि तेवढं बाळाचं नुकसान होतं."

वैशाली माझ्या शेजारीच उभी होती. तिनं मला खोडलं नाही. माझी लाज राखली, असं मला वाटलं.

वॉर्ड

रोज सकाळी मांडीत सुई. रक्तदाब मोजायला बोटभर रुंदीचा पट्टा. दर वेळी झटके आले की वहीत मांडायचे, किती वाजता, किती. पहिल्या दिवशी तीन वेळा आले, मिळून साठच्या वर. औषधानं रेणूचं तोंड पुरीसारखं फुगलं. भुकेनं ती सारखी किंचाळायची आणि दूध दिलं तरी किंचाळायची. आई डब्याबरोबर अंगारा घेऊन यायची आणि नर्स कन्नडमध्ये तिला म्हणायची, "अज्जी, लावा, पण सुई टोचायच्या जागी नको." त्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही. रेणूला उचलताना ती दर वेळी तिला नावानं हाक मारायची. लेकरू उत्तर देत नव्हतं, तरी.

अडचण वेगळीच झाली. मी वॉर्डात आदर्श बाप ठरलो. "हे बघा, चार दिवसांत घेऊन आले," असं नर्स दुसऱ्यांना सांगायची. मी मान हलवायचो. खोटं बोलायला एक क्षण लागला होता. ते खरं असल्यासारखं वागायला दिवसभर लागायचं.

शेजारच्या खाटेवर खानापूरकडचं एक जोडपं होतं. त्यांच्या मुलाचंही गुणसूत्रांचंच काहीतरी होतं, नाव वेगळं, झटके तेच. त्यांना यायला दोन महिने लागले होते. तो माणूस शेती बघून एका ऑफिसात शिपायाचं काम करायचा. वाईट नव्हता. घाबरलेला होता. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलाला झटके आले आणि तो बायकोवर उखडला.

"त्यांनी चार दिसांत आणलं लेकराला! चार दिसांत! आणि तू? पोटदुखी हाय, पोटदुखी हाय म्हणत दोन म्हयनं काखंत घेऊन बसलीस!"

ती बाई पदर तोंडात धरून माझ्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तुमाला कसं वो लगेच कळलं?"

मी गरिबीत खोटं बोललोय, बाजारात खोटं बोललोय. पण त्या बाईच्या डोळ्यांसमोर ते जमेना.

"न्हाई कळलं वैनी," मी म्हणालो. "आमीबी पाच आठवडं घालवलं. मी खोटं सांगितलंय. मी नाच म्हणून व्हिडिओ काढत होतो."

आणि माझ्या मागून वैशाली म्हणाली, "सहा."

सहा

मी वळलो. ती रेणूच्या पायाशी बसली होती, माझ्याकडं न बघता बोलत होती.

श्रावणाच्या शेवटी ती आठ दिवस निपाणीला होती. तिथं माग नाही. तिथं तिनं ते पहिल्यांदा बघितलं, मी बघायच्या आठवडाभर आधी. तिची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, समोर रेणू उठली आणि वाकायला लागली. तिची आई म्हणाली, "तंबाखूची पूड नाकात जातीया, म्हणून अंग झटकतंय." वैशालीनं लेकराला माडीवर नेलं, जिथं तंबाखू नव्हती. तिथंही तेच झालं.

"मग बोलली का न्हाईस?" मी विचारलं.

"कुणाला बोलू?" ती म्हणाली. "एकदा ऐकलंय की मी, तुमच्या घराण्यात असलं न्हाई म्हणून. तवा तुमी पेढं घिऊन आत गेलासा. परत आनी एक खोट घिऊन कशी येऊ मी त्या घरात? आणि आले, तर तुमी सगळी हसत होता. नाचतीया म्हणत होता. मला वाटलं, नाच असंल. मला लई वाटत होतं की तो नाच असू दे."

खानापूरचा माणूस केव्हाच बायकोला पाण्याचा तांब्या देऊन बाहेर जाऊन उभा राहिला होता. आम्ही दोघं तिथंच बसलो. मला तिचा राग आला, हे लिहितो. भयंकर आला. दोन-तीन मिनिटं मला असं वाटलं की आता निम्मा दोष हिचा, माझं ओझं कमी झालं. मग रेणूला सुई द्यायला नर्स आली आणि ते वाटणं गेलं. दोष वाटून कमी होत नाही. तो दोघांकडं पूर्णच राहतो.

दुपारी डॉक्टर आल्या तेव्हा आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला, माझं मागून ऐकू येणारं हसणंसुद्धा. मग फाइलमधले चार दिवस खोडले आणि सहा आठवडे लिहिले.

"औषध तेच राहील," त्या म्हणाल्या. "पण खरं कळलं तर मला पुढचं नीट सांगता येतं."

"उशीर झाला का मॅडम?"

त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "झाला. किती, ते आता तीच सांगेल."

नंतर

दहाव्या दिवशी सकाळी रेणू उठली आणि काहीच झालं नाही. आम्ही दोघं अर्धा तास तिच्याकडं बघत बसलो, चोरासारखे. दुपारी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढचा आलेख साफ आला.

मी मात्र साफ झालो नाही. घरी आल्यावर माग सुरू करायला हात उचलेना. बटणापर्यंत जायचा आणि थांबायचा. आईनं दोन आठवडे बघितलं आणि माग स्वतः चालवायला घेतले. मी उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एका फौंड्रीत तीन महिने कामाला गेलो. तिथला आवाज मोठा, पण तो माझ्या ओळखीचा नव्हता. अजूनही देवळात कुणी वाकलं की मी सेकंद मोजतो. पाच, सहा, सात. तो माणूस पुन्हा वाकला नाही की मग चालायला लागतो.

रेणू आज भिंतीला धरून उभी राहते. चार शब्द बोलते, त्यातला एक "चा" आहे. गोळी चालू आहे. झटके परत येऊ शकतात, असं मॅडमनी सांगून ठेवलंय. त्या सहा आठवड्यांनी तिचं नेमकं काय नेलं, हे कुणी सांगू शकत नाही. जादा गुणसूत्रामुळं किती आणि माझ्यामुळं किती, याचा रिपोर्ट निघत नाही.

तुमच्या बाळाला असं काही होत असेल तर व्हिडिओ जरूर काढा. पण स्टेटसला ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा, त्याच दिवशी. सण असला तरी. आणि "कधीपासून" विचारलं तर खरं सांगा. तुमची लाज त्यांना नको असते, त्यांना तारीख पाहिजे असते.

एक सांगायचं राहिलं. झटके थांबले तरी रेणूचं हसणं काही परत आलं नव्हतं. ती बघायचीच नाही. तोंड फुगलेलं, नजर माणसाच्या खांद्यावरून पलीकडं. मी फौंड्रीतून आलो की हातपाय धुऊन तिच्यासमोर बसायचो आणि हाक मारायचो. रोज. सुया संपल्या, सूज उतरली, संक्रांत झाली. आई तिळगूळ वाटून आली आणि पायरीवर बसून रडली, म्हणाली, लेकरू हाय पण घरात न्हाई.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी नेहमीसारखा बसलो. हाक मारली. "रेणुक्का."

तिची नजर हळूहळू भिंतीवरून खाली आली. माझ्या कपाळावर थांबली, मग डोळ्यांवर. तिथंच राहिली. ओठाचा एक कोपरा हलला. तीन महिने मी याच एका क्षणाची वाट बघत होतो, आणि तो आला तेव्हा माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. मी मान वळवली.

स्वयंपाकघराच्या दारात वैशाली उभी होती. हात पिठाचे. तिनं सगळं बघितलं होतं.

"बघा की तिच्याकडं," ती म्हणाली. "वाट बघतीया ती."

मी वळलो. ती खरंच वाट बघत होती.